वर्गाबाहेर गेलेले पान: शिक्षक, इंटरनेट आणि प्रताधिकार

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीला पुराचे पाणी नवे नाही. कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की वाडीत तो ‘दक्षिणद्वार सोहळा’ मानला जातो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक गर्दी करतात. मात्र ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांनी शिरोळ तालुक्यातील अनेक गावे वेढली, कुटुंबांना घरे सोडावी लागली, शाळांचे कामकाज थांबले, आणि या दोन पुरांच्या मधल्या काळात करोनाच्या टाळेबंदीने राज्यभरातील वर्ग बंद झाले. अशा दिवसांत अध्यापन चालू ठेवण्याचे साधन म्हणजे शिक्षकाच्या हातातील मोबाइल. चालीवर म्हटलेल्या कवितेचे ध्वनिमुद्रण, पाठाच्या पानांची छायाचित्रे, स्वाध्यायाची पीडीएफ, गणिताच्या उदाहरणाची चित्रफीत असे साहित्य पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून घरोघरी पोहोचू लागले. शाळा पुन्हा भरल्या तरी ही पद्धत टिकली, आणि ती टिकली हे चांगलेच झाले, कारण वर्गात बुडालेला तास त्यामुळे घरी भरून काढता येतो. परंतु वर्गातील साहित्य वर्गाबाहेर गेले की ते कोणाचे, ते पुढे पाठवण्याचा अधिकार कोणाला आणि कुठपर्यंत, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याविषयी शिक्षकांमध्ये एका टोकाला अनाठायी भीती तर दुसऱ्या टोकाला तितकीच अनाठायी बेफिकिरी दिसते.

या प्रश्नाचे उत्तर भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्यात शोधावे लागते, जो जानेवारी १९५८ पासून अमलात आहे आणि ज्यात २०१२ साली शेवटची मोठी दुरुस्ती झाली. प्रताधिकार, म्हणजे बोलीभाषेतला कॉपीराइट, हा एखाद्या निर्मितीची प्रत काढण्याचा, ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा, तिचे भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा कायद्याने निर्मात्याला दिलेला अधिकार होय. तो मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. लेखन कागदावर उतरले, चित्र रेखाटले गेले, छायाचित्र टिपले गेले की त्याच क्षणी तो निर्माण होतो. हा अधिकार कल्पनेवर किंवा माहितीवर नसतो, तर ती ज्या शब्दांत, रेषांत किंवा स्वरांत मांडली गेली त्या मांडणीवर असतो. पायथागोरसचा सिद्धांत, कृष्णेचे उगमस्थान किंवा प्रकाशसंश्लेषणाची प्रक्रिया यांवर कोणाचीही मालकी नाही, आणि शिक्षकाने हे विषय स्वतःच्या शब्दांत व स्वतःच्या आकृतीने समजावले तर परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही; मात्र एखाद्या प्रकाशनाने काढून घेतलेली प्रकाशसंश्लेषणाची रंगीत आकृती जशीच्या तशी उचलणे ही वेगळी गोष्ट आहे.

कायद्याने शिक्षकाला दिलेली सवलत सर्वसाधारण समजापेक्षा बरीच मोठी आहे. कलम ५२ मध्ये ज्या कृती प्रताधिकाराचा भंग ठरत नाहीत त्यांची यादी आहे, आणि त्यातील एका उपखंडानुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढणे, ती परीक्षेच्या प्रश्नात वापरणे आणि उत्तरात उतरवणे हे भंगाच्या व्याख्येतून वगळले आहे. २०१२ पूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांपुरतीच होती. दुरुस्तीने ती कोणत्याही कृतीला लागू केली, त्यामुळे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचाही तीत समावेश झाला. ‘अध्यापनाचा ओघ’ या शब्दप्रयोगाचा आवाका किती, यावर मात्र सारे अवलंबून होते, आणि तो आवाका एका गाजलेल्या खटल्यात तपासला गेला.

दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे दुकान होते, जेथे अभ्यासक्रमात नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून त्यांचे संच विद्यार्थ्यांना दिले जात. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी ऑगस्ट २०१२ मध्ये या दुकानावर व विद्यापीठावर दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला आणि ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग व योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने अपिलात कायद्याचा अर्थ अधिक तपशिलाने मांडला. अध्यापन म्हणजे केवळ वर्गात उभे राहून दिलेले व्याख्यान नव्हे, तर अभ्यासक्रम ठरल्यापासून तो पूर्ण होईपर्यंतची तयारी, वाचन आणि सराव ही सारी प्रक्रिया त्यात येते, असे खंडपीठाने मानले. आणि किती पाने किंवा किती टक्के मजकूर घेतला यापेक्षा तो अध्यापनाच्या प्रयोजनासाठी आवश्यक होता का, ही कसोटी महत्त्वाची ठरवली. त्या संचांतील मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता का आणि संपूर्ण पुस्तकांच्या प्रती काढणे चालेल का, हे पुराव्यावर तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले गेले होते, परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्मुद्रण हक्कांच्या संस्थेची याचिका फेटाळली. ग्रामीण भागातील शिक्षकाच्या दृष्टीने या निकालाचे मोल मोठे आहे; ज्या शाळेच्या ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाची एकच प्रत आहे, तेथील शिक्षकाने त्यातील नेमका उतारा चाळीस मुलांच्या हाती देणे हे चोरीचे काम नव्हे, असे या निकालानंतर ठामपणे म्हणता येते.

पण न्यायालयापुढे असलेला प्रश्न छापील संचांचा होता, इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या साहित्याचा नव्हता, हा फरक नजरेआड करता येत नाही. सवलत आहे ती शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला. ज्याचा त्या वर्गाशी काहीही संबंध नाही अशा हजारो लोकांना नाही. सातवीच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या बंद गटात शिक्षकाने पाठाशी संबंधित उतारा पाठवणे हे वर्गाचेच रूप आहे आणि ते अध्यापनाच्या ओघात बसते, असे मानायला भक्कम आधार आहे. तोच उतारा यूट्यूबवर, सर्वांसाठी खुल्या टेलिग्राम वाहिनीवर किंवा शाळेच्या संकेतस्थळावर ठेवला की कायद्याच्या भाषेत ते ‘लोकांपर्यंत संप्रेषण’ होते, म्हणजे कोणालाही, कुठूनही, हवे तेव्हा पाहता येईल अशी व्यवस्था, आणि हा अधिकार निर्मात्याच्या ठळक अधिकारांपैकी एक आहे. शिक्षकाचा हेतू दोन्ही ठिकाणी तोच असतो, पैसा दोन्ही ठिकाणी मिळत नसतो, तरीही कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कृती सारख्या नाहीत. म्हणून कोणतेही साहित्य पुढे पाठवण्यापूर्वी ‘हे चालेल का’ यापेक्षा ‘हे कोण कोण पाहू शकेल’ हा प्रश्न आधी विचारावा, कारण उत्तर बहुतेक वेळा तेथेच सापडते.

एकाच कृतीत किती जणांचे अधिकार गुंतलेले असतात हे समजण्यासाठी नृसिंहवाडीतच एक चांगले उदाहरण आहे. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांची करुणात्रिपदी दत्तभक्तांच्या घराघरांत आणि अनेक शाळांच्या परिपाठातही म्हटली जाते. स्वामींनी १९१४ साली गरुडेश्वर येथे देह ठेवला, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील प्रताधिकार कधीच संपलेला आहे. ती रचना छापावी, फळ्यावर लिहावी, तिचा अर्थ सांगणारी चित्रफीत करावी, कोणाची परवानगी लागत नाही. परंतु एखाद्या नामवंत गायकाने गायलेले तिचे ध्वनिमुद्रण शिक्षकाने पार्श्वभूमीला लावले तर ते ध्वनिमुद्रण स्वतंत्र कृती आहे, ते काढणाऱ्या कंपनीचा त्यावर प्रकाशनानंतर ६० वर्षे अधिकार असतो, आणि त्या ध्वनिमुद्रणासाठी नव्याने बांधलेली चाल असेल तर संगीतकाराचा अधिकारही त्यात मिसळतो. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे असे तीन थर असल्यामुळे शब्द मुक्त असूनही यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ती चित्रफीत ओळखते, तिच्यावरील जाहिरातीचे उत्पन्न कंपनीकडे वळवते किंवा चित्रफीतच अडवते. आणि मालकाच्या रीतसर तक्रारीवरून नव्वद दिवसांत तीन वेळा ताकीद मिळाली तर संपूर्ण वाहिनी बंद होऊ शकते, ज्यात शिक्षकाने वर्षानुवर्षे जमवलेले स्वतःचे काम एका फटक्यात जाते. यावरचा उपाय खर्चिक नाही: परंपरेने चालत आलेल्या चालीवर मुलांनीच ती म्हणावी आणि तेच ध्वनिमुद्रण वापरावे. ते अधिक सुरेल नसेल, पण ते शाळेचे स्वतःचे असेल.

गुरुचरित्राचीही हीच गोष्ट आहे. सरस्वती गंगाधरांचा मूळ ग्रंथ शतकांपूर्वीचा असल्याने कोणाच्याही मालकीचा नाही, मात्र त्याचे आजच्या लेखकाने केलेले गद्य रूपांतर, त्याला जोडलेली प्रस्तावना, टीपा आणि चित्रे यांवर त्या त्या व्यक्तीचा अधिकार असतो. शिरोळ तालुक्यातीलच खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या शिल्पांवर कोणाचा प्रताधिकार उरलेला नाही, परंतु त्या शिल्पांच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा असतो; शिक्षकाने सहलीत स्वतः टिपलेले छायाचित्र वापरावे किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त संग्रहातून घ्यावे, त्यात अडचण येत नाही. येथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. चित्राखाली ‘सौजन्य: गुगल’ किंवा ‘सौजन्य: इंटरनेट’ असे लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे, पण गुगल हे शोधण्याचे साधन आहे, चित्राचा मालक नव्हे, आणि ज्याने ते चित्र काढले त्याचे नाव या शब्दांनी उलट झाकले जाते. ‘केवळ शैक्षणिक हेतूसाठी’ ही ओळही तशीच निरुपयोगी आहे. ती लिहिल्याने जे कायद्यात बसत नाही ते बसू लागत नाही आणि जे बसते त्याला तिची गरज नसते. तीस सेकंदांपर्यंतचे संगीत चालते किंवा दहा टक्के मजकूर चालतो, असा कोणताही आकडा भारतीय कायद्यात नाही.

लेखकाच्या निधनानंतर त्याची कृती केव्हा मुक्त होते, याचा हिशोब शिक्षकाने एकदा नीट समजून घेतला तर मराठी साहित्याचे मोठे भांडार त्याच्यासाठी उघडते. साहित्यकृतीवरील अधिकार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनावरील अधिकार १९९१ अखेर संपत असताना संसदेने १९९२ मध्ये ती १० वर्षांनी वाढवली. या हिशोबाने केशवसुत, बालकवी, गडकरी यांचे लेखन फार पूर्वीच प्रताधिकारमुक्त झाले आहे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली; कोणत्याही शिक्षकाला त्या पुस्तकाचे स्वतःच्या आवाजातील संपूर्ण वाचन इंटरनेटवर ठेवता येते, आणि ज्या मुलांच्या घरी वाचून दाखवणारे कोणी नाही त्यांच्यासाठी ते करण्याजोगे काम आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ च्या आरंभी मुक्त झाल्या. बहिणाबाई चौधरींचा हिशोब किंचित वेगळा आहे, कारण त्यांचे निधन १९५१ साली झाले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रकाशित कृतीची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात, म्हणून तो संग्रह १ जानेवारी २०१३ पासून मुक्त आहे. सावरकरांचे निधन १९६६ मधील असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील अधिकार २०२६ अखेरपर्यंत, आचार्य अत्रे यांच्या लेखनावरील २०२९ अखेरपर्यंत आणि शिरोड्याच्या शाळेत अनेक वर्षे शिक्षक असलेल्या व पुढे कोल्हापुरात स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकरांच्या लेखनावरील २०३६ अखेरपर्यंत चालू राहतो. कुसुमाग्रज, पु. ल. देशपांडे, शांता शेळके यांच्या बाबतीत तर अजून काही दशके जायची आहेत, आणि नेमक्या त्यांच्याच कवितांचे व लेखांचे संपूर्ण पाठ इंटरनेटवर सर्वाधिक हौसेने चढवले जातात. मुक्त झालेल्या कृतीवरही लेखकाचे नाव घालणे हे सभ्यतेचे लक्षण आहेच. शिवाय कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व मान्य करून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या मोडतोडीला विरोध करण्याचा विशेष अधिकार देते, जो प्रताधिकार विकला तरी लेखकाकडेच राहतो. कवीचे नाव वगळून कविता पुढे पाठवणे हा त्यामुळे केवळ विसराळूपणा ठरत नाही.

शाळेतील सर्वात अधिक वापरले जाणारे साहित्य म्हणजे पाठ्यपुस्तक, आणि तेथे परिस्थिती बरीच सोयीची आहे. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीच्या, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, पुस्तकांवर सर्व हक्क मंडळाकडे असल्याचे आणि लेखी परवानगीशिवाय मजकूर उद्धृत न करण्याचे निवेदन छापलेले असते. ते वाचून वर्गात पानांच्या प्रती काढतानाही काही शिक्षक कचरतात. परंतु कलम ५२ ने दिलेली सवलत प्रकाशकाच्या निवेदनाने काढून घेता येत नाही, म्हणून वर्गापुरत्या वापरासाठी कचरण्याचे कारण नाही. सर्वांसाठी खुल्या ठिकाणी मात्र ते निवेदन पूर्ण बळाने लागू होते. त्यातही पाठ्यपुस्तकातील कविता, कथा आणि चित्रे यांचे मूळ हक्कदार अनेकदा वेगळेच असतात आणि त्यांनी परवानगी दिलेली असते ती पाठ्यपुस्तकासाठी, कोणाच्या यूट्यूब वाहिनीसाठी नव्हे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत उतरवून घेता येतात, तेव्हा पुरात भिजलेल्या पुस्तकाच्या जागी नवे मिळेपर्यंत पालकांना त्या संकेतस्थळाचा दुवा पाठवणे हा सर्वात साधा आणि निर्धोक मार्ग आहे. दुवा पाठवल्याने प्रत निघत नाही, आणि पुस्तकात दुरुस्ती झाली तर मुलांना नवीच आवृत्ती मिळते. खासगी प्रकाशनांच्या गाइडांची व प्रश्नसंचांची संपूर्ण पीडीएफ गटागटांतून फिरते, तिच्याविषयी मात्र संदिग्धता नाही: संपूर्ण पुस्तक विकत घेण्याची गरजच संपवणारी प्रत अध्यापनाच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही.

साहित्य मुक्तपणे वाटण्याची परंपरा महाराष्ट्रातील शिक्षकांनी स्वतः घडवली आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांच्या मोबाइलपर्यंत नेले, ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली, आणि २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या मंचावर शिक्षकांनी तयार केलेल्या साहित्यासोबत परवान्याची नोंद असते, आणि हा परवाना बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स पद्धतीचा असतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने आपला अधिकार स्वतःकडे ठेवूनच काही गोष्टींना आगाऊ आणि सर्वांसाठी दिलेली लेखी परवानगी. २००२ च्या अखेरीस या परवान्यांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ‘सीसी बाय’ म्हणजे निर्मात्याचे नाव द्या आणि हवे तसे वापरा. त्यापुढे ‘एसए’ असेल तर बदल करून तयार केलेले साहित्यही त्याच परवान्याने खुले ठेवावे लागते. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर चालत नाही. ‘एनडी’ असेल तर बदल केलेली आवृत्ती पुढे देता येत नाही. शिरोळच्या शिक्षकाने तयार केलेला ‘नदी आणि पूर’ या विषयावरील पाठ चिपळूणच्या शिक्षकाला वाशिष्ठीची उदाहरणे घालून वापरता यावा असे वाटत असेल, तर ‘एनडी’ टाळावे आणि ‘सीसी बाय-एसए’ निवडावा, हे अधिक उपयोगाचे.

कारण शिक्षक हा केवळ इतरांच्या साहित्याचा वापर करणारा नाही, तो स्वतः निर्माता आहे, ही बाजू या चर्चेत जवळजवळ नेहमीच मागे पडते. त्याने तयार केलेल्या टिपणांवर, प्रश्नपत्रिकांवर, आकृत्यांवर प्रताधिकार असतो. प्रश्नपत्रिका ही साहित्यकृती ठरते हे इंग्लंडमधील न्यायालयाने १९१६ सालीच मान्य केले होते. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो असे भारतीय कायद्याचे कलम १७ सांगते, त्यामुळे शाळेच्या आदेशावरून तयार केलेले साहित्य आणि शिक्षकाने स्वतःहून, स्वतःच्या वेळात केलेले साहित्य यांत फरक पडू शकतो; संस्थेशी याविषयी आधीच लेखी बोलून घेणे शहाणपणाचे ठरते. शिक्षकाच्या हक्काचे मोल काय असते, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या ३० ऑगस्ट २०२२ च्या आदेशातून दिसले. स्पर्धा परीक्षांसाठी शिकवणाऱ्या शिक्षिका व लेखिका नीतू सिंग यांची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामच्या अनेक वाहिन्यांवर परवानगीविना विकली व वाटली जात होती, एक वाहिनी बंद केली की दुसरी उघडत होती. न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी त्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती न्यायालयाला देण्यास टेलिग्रामला सांगितले. ज्या शिक्षकाला दुसऱ्याचे गाइड पुढे पाठवताना काही वाटत नाही, त्याच्याच चित्रफिती नाव पुसून कोणी खासगी क्लासने विकल्या तर त्याला जे वाटेल, ते वाटण्याचा अधिकार गाइडच्या लेखकालाही आहे.

मुलांचाही यात वाटा आहे. विद्यार्थ्याने काढलेले चित्र, लिहिलेला निबंध, रचलेली कविता यांवर पहिला अधिकार त्या विद्यार्थ्याचा असतो, म्हणून ते शाळेच्या पानावर झळकवण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी आणि मुलाचे नाव द्यावे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्यावे. स्नेहसंमेलनाच्या बाबतीत कायदा पुन्हा एकदा उदार आहे: शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थ्यांनी सादर केलेले नाटक किंवा गीत, तसेच शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांसाठी लावलेले ध्वनिमुद्रण वा चित्रपट, हा भंग मानला जात नाही. मात्र त्याच नृत्याची चित्रपटगीतासह चित्रफीत यूट्यूबवर चढवली की प्रेक्षकांची ती मर्यादा मोडते. धार्मिक समारंभातील गायनवादनालाही कायद्यात सूट आहे, परंतु ती समारंभापुरती आहे, त्याच्या चित्रणाच्या प्रसारापर्यंत ती पोहोचत नाही.

भंगाला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि नफ्याचा हेतू नसेल तर कारणे नोंदवून ती कमी करण्याची मुभा न्यायालयाला आहे. तरी या आकड्यांनी शिक्षकाला घाबरवणे हा या विषयाचा गाभा नव्हे. खरी उणीव आहे ती कायद्यातील अस्पष्टतेची. अमेरिकेने २००२ साली दूरस्थ अध्यापनासाठी स्वतंत्र तरतूद केली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात, केवळ विद्यार्थी व शिक्षक यांनाच प्रवेश असलेल्या सुरक्षित डिजिटल जागेतील अध्यापनाला मोकळीक आहे. जर्मनीत अध्यापनासाठी एखाद्या कृतीचा १५ टक्के भाग वापरता येतो, असा आकडाच कायद्यात घातला आहे. भारताने कलम ५२ ची शब्दरचना खुली ठेवली, आणि रामेश्वरी प्रकरणात त्या खुलेपणाचा फायदा विद्यार्थ्यांना झाला, म्हणून येथे आकडा घालून हात बांधून घेऊ नयेत, हेच योग्य. परंतु बंद गटातील ऑनलाइन वर्ग हाही अध्यापनाचा ओघच आहे, एवढे एक स्पष्टीकरण कायद्यात आले तर लाखो शिक्षकांच्या मनातील शंका फिटेल.

तोपर्यंत एक काम राज्याच्या हाती आहे. बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी मिळून, पाठ्यपुस्तकातील कोणता मजकूर कुठे आणि कसा वापरता येईल हे सांगणारे एक पानी निवेदन सोप्या मराठीत काढावे, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफसोबत ते ठेवावे, आणि ज्या मजकुराचे हक्क मंडळाचे स्वतःचे आहेत तो शिक्षकांसाठी ‘सीसी बाय-एसए’ परवान्याने खुला करावा. शिक्षकांनीही त्याची वाट न पाहता आपल्या प्रत्येक टिपणाच्या आणि चित्रफितीच्या शेवटी स्वतःचे नाव, वर्ष आणि परवाना या तीन गोष्टी आजपासून लिहायला सुरुवात करावी.